तोंड मिटलेलं भांडं : तोशिको ताकाएझू यांच्या एका निर्णयाचा अभ्यास

कुंभारकामात भांड्याचं तोंड शेवटी येतं. भिंती वर आल्या, पोट फुगवून झालं, की बोटांनी काठ गोल करायचा, ओल्या चामड्याच्या तुकड्यानं तो गुळगुळीत करायचा आणि दोरीनं भांडं चाकावरून सोडवून घ्यायचं. अमेरिकी सिरॅमिक शिल्पकार तोशिको ताकाएझू यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या शेवटच्या टप्प्यावर वेगळीच वाट धरली. काठ गोल करण्याऐवजी त्यांनी तो आत आत ओढत नेला आणि मिटवून टाकला. वर उरलं एक छोटं टोक आणि त्यात एक बारीक भोक. पाणी भरता येणार नाही, फूल ठेवता येणार नाही, आत डोकावताही येणार नाही. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं या एका आकाराभोवती त्या काम करत राहिल्या.

सिरॅमिक शिल्पकाराच्या विचारांबद्दल लिहायचं, तर आपण बहुतेक वेळा त्याच्या मुलाखतीतली वाक्यं आधी घेतो आणि मग कामात त्यांचे पुरावे शोधतो. इथे मी उलट्या बाजूनं जाणार आहे. ताकाएझूंचं तत्त्वज्ञान आधी हातात आलं, शब्द नंतर आले, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून तोंड मिटवण्याची ती एक कृती धरून पाहू : ती कशी सुचत गेली, तिनं काय साधलं आणि कोणती अडचण मागे ठेवली.

हवाईच्या मोठ्या बेटावर पेपेएकेओ इथे १७ जून १९२२ ला त्यांचा जन्म झाला. आईवडील ओकिनावाहून आलेले, अकरा भावंडांत तोशिको सहाव्या. मातीशी पहिली गाठ पडली ती पोटापाण्यासाठी. होनोलुलूत एका पॉटरीत त्या साच्यात माती दाबून विक्रीची भांडी काढायच्या. मग १९४८ पासून हवाई विद्यापीठात क्लॉड होरन यांच्याकडे शिक्षण झालं आणि १९५१ मध्ये त्या मिशिगनमधल्या क्रॅनब्रुक कला अकादमीत गेल्या. तिथे त्यांना माया ग्रोटेल भेटल्या. ग्रोटेल मूळच्या फिनलंडच्या, चाकावर मोठमोठे सिलिंडर उभे करणाऱ्या आणि ग्लेझवर, म्हणजे भांड्यावर भाजून येणाऱ्या काचेसारख्या थरावर, वर्षानुवर्षं प्रयोग करणाऱ्या. विद्यार्थ्याला हातात उत्तर न देता त्याला त्याचं स्वतःचं सापडेपर्यंत थांबायचं, ही त्यांची शिकवण्याची रीत. ताकाएझूंनी पुढे स्वतः शिकवताना तीच रीत पाळली.

क्रॅनब्रुकच्या आणि त्यानंतरच्या काळातली त्यांची कामं मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतात. त्यात दोन तोंडांच्या बाटल्या आहेत, अनेक तोट्यांची भांडी आहेत. एका पोटातून दोन माना निघतात, कधी त्याहून जास्त. ही भांडी वापरायला तशी गैरसोयीचीच. एक तोटी ओतायची असते, दुसरी कशासाठी? इथेच तोंडाचं नेमून दिलेलं काम सुटायला लागलं. तोंड हा वापराचा भाग न राहता आकाराचा भाग झाला. पुढच्या भांड्यांत ते लहान होत गेलं आणि शेवटी उरलं ते भोक. म्हणजे एका रात्रीत झालेला चमत्कार नाही हा. पाच-सहा वर्षं तोंड आधी अनेक झालं, मग अरुंद, मग बंद.

या वाटेत १९५५-५६ चा जपानचा प्रवास येतो. सुमारे आठ महिने त्या तिथे होत्या. झेन मठात राहिल्या, चहाविधी शिकल्या, हामादा शोजी, कानेशिगे तोयो, किताओजी रोसान्जिन यांच्यासारख्या नामवंत कुंभारांना भेटल्या. या प्रवासावर लिहिणारे लोक फार जोर देतात आणि तोंड मिटवण्याचं सगळं श्रेय झेनला देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. अनेक तोंडांची भांडी त्याआधीपासून चालू होती. जपाननं त्यांना आपण कुठे निघालो आहोत ते ओळखायला मदत केली असेल, पण दिशा क्रॅनब्रुकच्या चाकावरच धरलेली होती. चहाच्या वाडग्यात मात्र एक गोष्ट त्यांना नक्की भेटली असणार : वाडगा हातात घेऊन त्याच्या आतल्या जागेकडे पाहायची सवय.

मिटवताना काय होतं

हा भाग जरा सावकाश सांगतो, कारण ज्यांनी चाक फिरवलेलं नाही त्यांना तोंड बंद करणं म्हणजे झाकण लावण्यासारखं वाटू शकतं.

भिंत वर घेताना माती बाहेर जायला बघते, कारण चाक फिरत असतं. ती आत आणायची, तर दोन्ही तळहात आणि अंगठे यांचं कडं करून बाहेरून हळूहळू आवळावं लागतं. आवळलं की परीघ कमी होतो, तेवढीच माती थोड्या जागेत येते आणि भिंत जाड होते. घाई केली तर चुण्या पडतात. म्हणून थोडं आवळायचं, मग पुन्हा बोटांनी भिंत पातळ करत वर घ्यायची, पुन्हा आवळायचं. दरम्यान खांद्याचा उतार सपाट होत चाललेला असतो आणि ओल्या मातीचा तो घुमट स्वतःच्या वजनानं कधीही खाली बसू शकतो. आत बोट घालून आधार देता येतो तोवर ठीक. पण तोंड दोन बोटांएवढं झालं, मग एका बोटाएवढं झालं, की हात बाहेर काढावाच लागतो. शेवटच्या इंचभर अंतरात आतून कसलाच आधार नसतो.

आणि मग तोंड मिटतं. त्या क्षणी आतली हवा कोंडली जाते आणि भांड्याचा स्वभावच बदलतो. आतापर्यंत बसायला टपलेला घुमट आता आतल्या हवेवर टेकून उभा राहतो. बाहेरून पट्टीनं दाबलं तर आकार मोडत नाही. हवा सरकते आणि दुसरीकडे फुगवटा येतो. हाताखाली ते जाणवतं. आत हात नाही, पण आतून कोणीतरी उलट दाब देत आहे, असं वाटतं. आपल्याकडचा कुंभार मडकं मोठं करताना आतून दगडी गोळा धरतो आणि बाहेरून थापटण्यानं ठोकतो. आतला आधार त्याच्या हातात असतो. इथे ते काम हवा करते.

ताकाएझू म्हणायच्या की भांड्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतली ती काळोखी जागा, जी कोणाला दिसत नाही. हे वाक्य नुसतं ऐकलं तर गूढ वाटतं. पण तोंड मिटवल्यानंतर ज्यानं त्या कोंडलेल्या हवेवर काम केलं आहे, त्याच्यासाठी ते रोजच्या कामाचं वर्णन आहे. आतली जागा हा त्यांच्यासाठी केवळ अर्थाचा भाग नव्हता. आकार उभा ठेवणारी ती वस्तू होती. म्हणून मी म्हणतो की विचार हातातून आला.

वरचं बारीक भोक घडवणं संपल्यावर येतं, तेही या कोंडलेल्या हवेमुळेच. माती वाळताना आणि भाजताना आकसते. स्टोनवेअरची, म्हणजे खूप तापवून दगडासारखी कडक होणारी माती दोन्ही मिळून साधारण दहा-बारा टक्के लहान होते. हवा मात्र आकसत नाही. वाट दिली नाही तर वाळतानाच भिंतीला तडा जाऊ शकतो आणि भट्टीत १०० अंशांच्या पुढे मातीतल्या उरलेल्या पाण्याची वाफ झाली की भांडं फुटू शकतं. स्टोनवेअर पक्कं व्हायला बाराशे-तेराशे अंश सेल्सियसच्या आसपास जावं लागतं. तिथवर पोचायचं तर श्वास घ्यायला जागा हवीच. पूर्ण बंद भांडं भट्टीतून सहसा धडपणे बाहेर येत नाही. ताकाएझूंनी हे भोक लपवलं नाही. त्याला त्यांनी टोकाचा, स्तनाग्रासारखा आकार दिला आणि ती त्यांच्या भांड्यांची ओळख झाली.

खुळखुळा

एकदा तोंड मिटवताना मातीचा एक तुकडा आत पडला. भाजून झाल्यावर भांडं उचललं तर आत तो तुकडा वाजला. त्यांना तो आवाज आवडला आणि मग त्या मुद्दाम तुकडे घालू लागल्या. ओली माती ओल्या भिंतीला चिकटू नये म्हणून तुकडा कागदात गुंडाळून आत टाकायचा. भट्टीत कागद जळून जातो, तुकडा मोकळा होतो. ग्लेझ फक्त बाहेरून दिलेलं असल्यानं आतली बाजू कोरीच राहते आणि तुकडा मनासारखा घरंगळतो.

हे तपशील मला फार मोलाचे वाटतात. बघणाऱ्याला दिसणार नाही अशा जागेत, कळणारही नाही अशी वस्तू, तीही कागदात नीट गुंडाळून ठेवलेली. आतली जागा डोळ्यांसाठी बंद केल्यावर त्यांनी ती कानांसाठी उघडली. भांडं किती मोठं आहे, भिंत किती जाड आहे, तळ सपाट आहे की खोलगट, हे सगळं त्या आवाजात येतं.

आपल्याकडे मडक्याचा आवाज ऐकण्याची सवय घराघरांत आहे. उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना बोटाच्या पेरानं टिचकी मारून पाहतात; खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांच्या डोक्यांवर मारत कोणतं मडकं कच्चं ते पारखलं, ही गोष्टही त्याच सवयीतून आली आहे. पण इथे आवाज ही परीक्षा आहे. ताकाएझूंच्या भांड्यात पक्कं-कच्चं ठरवायचं काही नाही. तिथे आवाज हेच काम आहे.

घटाकाशाचा दृष्टांतही मराठी वाचकाला आठवेल. घटातलं आकाश आणि बाहेरचं आकाश वेगळं नाही. घट फुटला की ते एकच. कीर्तनात तो शेकडो वेळा ऐकलेला असतो. ताकाएझूंनी तो ऐकला होता असं सुचवायचं नाही आणि त्यांच्या कामावर तो चिकटवण्यातही अर्थ नाही. उलट फरक पाहण्यासारखा आहे. आपल्या दृष्टांताची नजर घट फुटण्याकडे असते, भिंत खोटी ठरते. ताकाएझूंना ती भिंत हवी आहे. आतली जागा वेगळी, राखलेली आणि एका मातीच्या तुकड्यासह राहावी, यासाठी त्यांनी तिला कवच दिलं.

काठ नसलेला पृष्ठभाग

तोंड गेलं आणि आणखी एक गोष्ट झाली, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. भांड्याला काठ असतो तेव्हा रंगाला थांबायची जागा असते : आत वेगळं ग्लेझ, बाहेर वेगळं, काठावर दोघांची भेट. काठच नाहीसा झाल्यावर उरतो एक सलग पृष्ठभाग, ज्याला सुरुवात नाही, शेवट नाही. ताकाएझू भांड्याभोवती फिरत ग्लेझ ओतायच्या, कुंचल्याचे मोठे फटकारे मारायच्या, ओघळ सोडायच्या. एका वेळी एकच बाजू दिसते. मागे काय झालं ते फिरून गेल्याशिवाय कळत नाही. त्यात भट्टीत जाण्याआधी ग्लेझचा रंग खरा नसतो. तांब्याचं ग्लेझ फिकट राखाडी-हिरवट दिसतं आणि ऑक्सिजन कमी ठेवलेल्या भट्टीतून लाल होऊन येतं. म्हणजे त्या चित्र काढत होत्या ते पूर्ण न दिसणाऱ्या पृष्ठभागावर, अजून न उमटलेल्या रंगांनी.

त्यांच्या पिढीतल्या अमूर्त चित्रकारांशी त्यांची तुलना यामुळेच होते. त्या स्वतः कॅनव्हासवर चित्रंही काढायच्या आणि विणकामही करायच्या. मला मात्र त्यांची भांडी त्यांच्या सपाट चित्रांपेक्षा कितीतरी सरस वाटतात. कॅनव्हासला चार कडा असतात आणि त्या कडांशी त्यांचं फारसं जमलेलं दिसत नाही.

याच वर्षांत लॉस एंजेलिसमध्ये सिरॅमिक शिल्पकार पीटर वूल्कस मातीशी अगदी वेगळी झुंज देत होते. भांडं चाकावर उभं करायचं, मग फाडायचं, भोकं पाडायची, तुकडे एकावर एक रचायचे. भांड्याला शिल्प करायचं तर त्याचं भांडंपण मोडायला हवं, असा त्या कामाचा सूर होता आणि अमेरिकी सिरॅमिकचा इतिहास बराच काळ याच सुरात सांगितला गेला. ताकाएझूंनी काहीच मोडलं नाही. चाक, वर्तुळ, पोट, खांदा, सगळं जपलं. केवळ शेवटची कृती पूर्ण टोकापर्यंत नेली. भांडं तोडूनच शिल्प होतं असं नाही, भांडं पुरतं मिटवूनही शिल्प होतं, हे त्यांनी दाखवलं. वूल्कसच्या धडाक्यापुढे ही गोष्ट शांत वाटली, त्यात करणारी बाई, शिवाय आशियाई वंशाची; मोठ्या कलासंग्रहालयांचं लक्ष यायला फार उशीर झाला. २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांची भांडी दिसली, तेव्हा त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

घर, बाग, भट्टी

१९६७ ते १९९२ त्या प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवत होत्या. १९७५ पासून न्यू जर्सीतल्या क्वेकरटाउन इथे घर, स्टुडिओ आणि भाजीची बाग एकाच आवारात होती. शिकाऊ विद्यार्थी तिथे राहायला यायचे आणि मातीबरोबर बागेतही राबायचे, स्वयंपाकही करायचे. भांडी घडवणं, रांधणं आणि भाज्या पिकवणं यांत आपल्याला फरक दिसत नाही, असं त्या सांगत. हे वाक्य आता फार ठिकाणी गोडगोड सजावटीसारखं वापरलं जातं. पण शिकाऊ मुलांना बागेत पाठवण्यामागे एक कठोर अपेक्षा होती. स्टुडिओतली एकाग्रता स्टुडिओबाहेर सैल सोडायची नाही. माती ओली-कोरडी कधी होते याच्याकडे लक्ष ठेवणारा माणूस वाफ्याकडे दुर्लक्ष करत असेल, तर त्याचं लक्ष अजून तयार झालेलं नाही.

इथेच भांडी मोठी होत गेली. मोठे गोल त्या दोन अर्धगोल जोडून करत आणि त्यांना चंद्र म्हणत. काही तर त्यांनी झोळ्यांमध्ये निजवून मांडले. १९५९ मध्ये हवाईतल्या किलाउएआ इकी या विवरातून लाव्ह्याची कारंजी पाचशे मीटरहून उंच उसळली होती आणि पडलेल्या राखेखाली ओहिया झाडांचं जंगल जळून पांढऱ्या खोडांचा पट्टा उरला होता. त्या खोडांवरून ताकाएझूंनी उंच, सडपातळ, वरून मिटलेले खांब केले आणि ते झाडीसारखे एकत्र उभे केले. पुढे माणसाच्या उंचीची, माणसापेक्षाही उंच भांडी आली. ती एकट्यानं होणारी नव्हती. चाकावरचा भाग आणि मातीच्या लांब वळकट्या एकावर एक रचून वाढवलेला भाग जोडत, मदतनीस घेऊन, पायऱ्यांवर चढून ती उभी राहिली. त्यांच्यामधून चालताना आपण भांडी बघत नाही, उभ्या माणसांच्या घोळक्यातून वाट काढतो.

आता अडचण. जे भांडं उचलता येतं, ते हलवून वाजवता येतं. मोठं भांडं कोणी हलवू शकत नाही. आत तुकडा असला तरी तो गप्प. आणि लहान भांड्यांचं काय झालं? ती संग्रहालयांत गेली. काचेच्या पेटीत, हात लावू नका अशा पाटीमागे. जपणूक करणाऱ्यांची भीती मला समजते. ग्लेझवर ओरखडा गेला की गेला. पण खुळखुळा असलेलं भांडं पेटीत मूक ठेवणं म्हणजे त्यातलं अर्धं काम लपवणं आहे, आणि शेजारच्या पाटीवर तेही लिहिलेलं नसतं. ताकाएझू स्वतः पाहुण्यांना भांडी हातात घेऊ देत, वाजवू देत. त्यांच्यानंतर ती मुभा गेली.

न्यूयॉर्कच्या नोगुची संग्रहालयात २०२४ मध्ये त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं आणि मांडणीच्या जबाबदारीत संगीतकार लेइलेहुआ लांझिलोट्टी यांना सामील करून घेतलं. आवाज हा जोडधंदा न मानता कामाचा गाभा मानून केलेली ही मांडणी मला योग्य उत्तर वाटते. यापुढे कुठेही त्यांची भांडी मांडली, तर निदान प्रत्येक भांड्याचा ध्वनिमुद्रित आवाज शेजारी ऐकवायला हवा. त्याला खर्चही फारसा नाही.

ताकाएझूंनी स्वतः या अडचणीवर आणखी एक उत्तर शोधलं होतं, असं मी मानतो. तसं त्या म्हणाल्या नाहीत, हा माझा तर्क. १९८० च्या दशकापासून त्यांनी काशाच्या मोठ्या घंटा ओतून घेतल्या. आकार तोच, मिटलेल्या खांद्याचा, पण खालून उघडा, टांगलेला आणि बाहेरून ठोकायचा. त्यांतली एक प्रिन्स्टनच्या आवारातल्या छोट्या स्मृतिबागेत आहे. ११ सप्टेंबर २००१ ला मृत्यू पावलेल्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांसाठी. न्यू जर्सीत मराठी माणसं पुष्कळ आहेत, प्रिन्स्टनला फिरायलाही जातात. तिथे जाल तर ही घंटा बघावी आणि नंतर जवळपासच्या एखाद्या संग्रहालयात त्यांचं मातीचं भांडं शोधावं. आकार एकच असून एकात आवाज बाहेर येतो आणि दुसऱ्यात राखलेला आहे, हे समोरासमोर पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

स्टुडिओ पॉटरीच्या वर्गांमध्ये बंद आकार हा आता सरावाचा एक नेहमीचा प्रकार झाला आहे. विद्यार्थी पहिल्या काही महिन्यांत तोंड मिटवून बघतात, छान गोळा होतो, फोटो काढतात. सराव म्हणून उत्तमच आहे. पण हे प्रकरण शिकवताना मी क्रम बदलेन. आधी दोन तोंडांची बाटली करायला लावेन आणि दुसऱ्या तोंडाचं काम काय, हे करणाऱ्यालाच ठरवू देईन. मग त्याच पोटावर अरुंद तोंड, मग त्याहून अरुंद. मिटवायची वेळ आली की कागदात गुंडाळलेला तुकडा हातात द्यायचा आणि आत टाकायचा की नाही हे त्याला विचारायचं.